कॅमकॉर्डरसाठी स्टिरिओ माइक: सप्ताह ते गड्डा, कामाच्या नोंदी

काम असं: आमच्या गल्लीतल्या विठ्ठल मंदिरातलं भजन, आणि त्यातही अप्पांचा पखवाज, धड आवाजासकट कॅमेऱ्यात घ्यायचा. अप्पा ७८ वर्षांचे आहेत. पन्नास वर्षं मंडळात वाजवताहेत आणि त्यांचं एकही ऐकण्यासारखं रेकॉर्डिंग कुणाकडे नाही. मोबाइलवर घेतलेले तुकडे आहेत, त्यात टाळ सोडून काही ऐकू येत नाही. डिसेंबरात दत्त जयंतीचा सप्ताह, जानेवारीत इथली, सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. तोवर माइक हाताशी पाहिजे. खर्चाची मर्यादा १५,००० रुपये.

कॅमेरा घरचाच, पॅनासोनिक एचसी-व्ही७७०. त्याला माइकसाठी ३.५ मिमीचा जॅक आहे आणि हेडफोनसाठीही वेगळा आहे. या दोन भोकांवर पुढचं सगळं अवलंबून होतं. माइकच्या किमती बघायच्या आधी आपला कॅमेरा उलटापालटा करून ती शोधा. सोनीच्या सीएक्स४०५ला बाहेरचा माइक लावायची सोयच नाही. तो ज्याच्याकडे असेल त्याने माइकचा नाद सोडून वेगळा रेकॉर्डर घ्यावा.

१८ नोव्हेंबर

सुरुवात काय आहे ते कळावं म्हणून कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवर एक तास भजन घेतलं. कॅमेरा सभामंडपाच्या दारात, मंडळापासून साधारण २५ फुटांवर. खाली फरशी, वर स्लॅब, तिन्ही बाजूंना रंगवलेल्या भिंती.

घरी हेडफोन लावून ऐकलं. टाळांचा एकसलग चुरचुराट, त्याच्या मागे पेटी, त्याच्या मागे घुमणारे गळे. पखवाजाची उजवी, शाईची बाजू अधूनमधून टिचकी मारल्यासारखी. डावी, खोल आवाजाची बाजू नाहीच. अभंग संपला की दोन सेकंदांत पंख्यांचा आवाज फुगत वर यायचा आणि टाळ सुरू झाले की दबायचा. कॅमेरा आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करतो, त्याचा हा परिणाम. सगळेच कॅमकॉर्डर ऑटोवर असं करतात.

अप्पांना ऐकवलं. त्यांनी पूर्ण एक अभंग ऐकला आणि विचारलं, “माझा डावा हात कुठाय बे?”

पुढे माइक निवडताना मी हाच प्रश्न मोजपट्टी म्हणून धरला.

२१ नोव्हेंबर

नवी पेठेतल्या एका दुकानातून खोक्यावर ‘स्टिरिओ’ लिहिलेला माइक आणला. १,४५० रुपये. घाई केली. दुकानात कॅमेरा नेला नव्हता.

घरी लावला तर कॅमेऱ्यात काहीच आवाज नाही. अर्धा दिवस मेनू चाळण्यात गेला. शेवटी पिनेकडे लक्ष गेलं. पिनेवर तीन काळ्या रेघा होत्या, म्हणजे चार भागांची, मोबाइलची पिन. कॅमेऱ्याच्या माइक जॅकला दोन रेघांची, तीन भागांची पिन लागते. मोबाइलच्या पिनेत माइकची तार बुडाशी असते, आणि कॅमेऱ्यात तीच जागा अर्थिंगची. आवाज तिथेच जिरून जातो. १२० रुपयांचा अडॅप्टर आणला, आवाज आला.

२४ नोव्हेंबर

अडॅप्टर लावल्यावर पडद्यावरचे डावे-उजवे दोन्ही मीटर हलत होते, म्हणून मी खूश होतो. दोन दिवसांनी शंका आली. दोन्ही अगदी एकसारखे हलत होते.

किल्ल्यांची चाचणी केली. ती सांगतो, कारण कुठल्याही दुकानात एका मिनिटात करता येते. माइक कॅमेऱ्याला लावा, हेडफोन कानाला लावा, डोळे मिटा. दुसऱ्या माणसाला किल्ल्यांचा जुडगा वाजवत समोरून डावीकडून उजवीकडे चालायला सांगा. माइक स्टिरिओ असेल तर आवाज डाव्या कानातून सरकत उजव्यात जातो. माझ्या माइकमध्ये पोरगी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, किल्ल्या मात्र माझ्या कपाळाच्या मध्यावरच वाजत राहिल्या. आत एकच कॅप्सूल (आवाज पकडणारा भाग), तोच आवाज दोन्ही तारांना जोडलेला. दोन मीटर हलतात याचा स्टिरिओशी काही संबंध नाही.

दुकानदाराने परत घेतला नाही. १,५७० रुपये आणि चार दिवस गेले.

२९ नोव्हेंबर

आठवडाभर रात्री वाचत बसलो. कामापुरतं तेवढंच लिहितो.

या किमतीत कॅमेऱ्यावर बसणारे स्टिरिओ माइक दोन पद्धतींचे असतात. एकात दोन कॅप्सूल एकमेकींना काटकोनात तिरक्या ठेवलेल्या असतात. त्याला एक्स-वाय म्हणतात. दुसऱ्यात एक कॅप्सूल समोर बघते, एक आडवी दोन्ही बाजूंना, आणि दोघींची बेरीज-वजाबाकी करून डावं-उजवं काढतात, ती मिड-साइड. दोन्हींत कॅप्सूल एकाच जागी असल्यामुळे दोन्ही बाजू एकत्र करून ऐकल्या तरी आवाज बिघडत नाही. आमच्याकडे याला फार महत्त्व आहे. मंडळातले बारा-पंधरा लोक हे व्हॉट्सॲपवर, मोबाइलच्या एका स्पीकरवर ऐकणार आहेत.

डोळ्यासमोर होते ते असे. सोनीचा ईसीएम-एमएस९०७: मिड-साइड, ९० आणि १२० अंशांचं बटण, आत एक पेन्सिल सेल, आता नवा मिळत नाही. ऑडिओ-टेक्निकाचा एटी८२२: एक्स-वाय, जुन्या लोकांचा आवडता, तोही आता फक्त जुन्या बाजारात. त्याच कंपनीचा एटी८०२४, कॅमेऱ्याच्या शूवर, म्हणजे डोक्यावरच्या खाचेत बसणारा, स्टिरिओ आणि मोनो दोन्ही. रोडेचा स्टिरिओ व्हिडिओमाइक प्रो: एक्स-वाय, ९ व्होल्टचा चौकोनी सेल, आवाजासाठी तीन पायऱ्या (उणे १०, शून्य, अधिक २० डेसिबल) आणि ७५ हर्ट्झच्या खालचा घरघराट कापायचं बटण. शिवाय झूमचा एच१एन, जो माइक नसून रेकॉर्डरच आहे.

झूमवर दोन दिवस मन अडकलं होतं. तो स्वस्त आहे आणि कॅमेऱ्याच्या माइक जॅकवर अवलंबून राहावं लागत नाही. पण मग प्रत्येक चित्राला आवाज नंतर जुळवावा लागतो, आणि दोन वेगवेगळ्या यंत्रांची घड्याळं तासा-दीड तासात थोडी थोडी सरकतात. शेवटच्या अभंगाला टाळ दिसतो आधी, वाजतो नंतर. सप्ताहात रोज रात्री मंडळाला पेन ड्राइव्ह द्यायचं कबूल केलं होतं. रोज जुळवत बसणं शक्य नव्हतं.

मी चार अटी ठरवल्या: स्वतःचा सेल, आवाज कमी करायचं बटण, खालचा घरघराट कापायचं बटण, तीन भागांची पिन. ४८ व्होल्ट मागणारे मोठे माइक यादीतून काढले. कॅमकॉर्डरच्या ३.५ मिमीच्या जॅकमधून तेवढा दाब मिळत नाही.

१ डिसेंबर

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राकडून लांब नळीचा शॉटगन माइक एका संध्याकाळीपुरता आणला. तो मोनोच आहे हे माहीत होतं, पण “त्याच्यासारखा आवाज दुसरा देणार नाही” असं तो म्हणाला म्हणून बघितला. उघड्यावर बोलणाऱ्या माणसासाठी उत्तम. आमच्या सभामंडपात भिंतींवरून परतणारा आवाज नळीत चमत्कारिक शिरतो, पेटी डब्यात वाजल्यासारखी येते. परत दिला.

३ डिसेंबर

पुण्याच्या मावसभावाकडे एमएस९०७ पडून होता. शेजारचे काका हुतात्मा एक्स्प्रेसने येणार होते, त्यांच्या हाती आला. बोटाएवढा माइक, वजन नावाला.

किल्ल्यांच्या चाचणीत आवाज खरंच सरकला. पहिल्यांदा. मी पोरीला तीन वेळा चालायला लावलं.

देवळात कॅमेरा आठ फुटांवर ठेवून घेतलं. ९० अंशांवर मंडळ एकवटून येतं, १२० वर पसरतं पण पेटी जरा मागे जाते. गळे सुरेख आले. पखवाजाची शाई नीट आली. डावा हात अजूनही पातळ. माहितीपत्रक पाहिलं तर त्याची खालची मर्यादा १०० हर्ट्झ लिहिलेली आहे. ज्या कामासाठी तो बनवलाय ते काम तो चोख करतो. पखवाजाची कणीक लावलेली बाजू त्याच्याकडून मागणं बरोबर नाही. मुलाखती किंवा शाळेचं गॅदरिंग घ्यायचं असतं तर मी इथेच थांबलो असतो.

६ डिसेंबर

पुण्यातून वापरलेला रोडे स्टिरिओ व्हिडिओमाइक प्रो घेतला. ११,५०० रुपये, कुरिअर २५०. आला तसं तपासलं: किल्ल्या, मग दोन्ही कॅप्सूलजवळ आळीपाळीने हलकी फुंकर, मग तिन्ही पायऱ्यांचं बटण चालू रेकॉर्डिंगमध्ये फिरवून खरखर येते का ते. वायर पिनेजवळ वाकवून पाहिली. सगळं ठीक. वापरलेला माइक घेताना वायर वाकवून पाहणं सोडू नका, आधी तुटते ती तिथेच.

रात्री कॅमेऱ्याच्या मेनूत आवाजाची पातळी ऑटोवरून काढून हाती घेतली. आता अभंग संपला की पंखे आहेत तेवढेच राहतात.

८ डिसेंबर, सप्ताहाचा पहिला दिवस

एवढा खटाटोप करून रात्री ऐकलं आणि मन खट्टू झालं. माइक कॅमेऱ्यावर, कॅमेरा पुन्हा दारात, कारण मधे बायका-माणसं बसलेली. आवाज आधीपेक्षा स्वच्छ, पण तसाच लांबचा. डावा हात नाहीच.

त्या रात्री एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. २५ फुटांवर माझ्या माइकपर्यंत अप्पांच्या पखवाजापेक्षा भिंतींचाच आवाज जास्त पोचतो. उघड्यावर अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो. देवळात भिंतींचा घुमारा मात्र जिथे जाल तिथे जवळजवळ तेवढाच. म्हणून जवळ जायला पाहिजे, आणि कॅमेरा जवळ नेता येत नाही. माइक कॅमेऱ्यावरून काढावा लागणार.

आणखी एक चूक त्याच दिवशीची. माइकचं बटण अधिक २० वर ठेवलं होतं. कॅमेऱ्याची पातळी अगदी कमी करूनही गजर चढला की खरखर येत होती. एवढा जोराचा आवाज कॅमेऱ्याच्या जॅकलाच झेपत नाही, आतली पातळी कितीही खाली आणली तरी उपयोग नाही. अधिक २० हे हळू आवाजासाठी आहे. तिथे मात्र फार कामाचं: माइककडून जास्त घ्यायचं, कॅमेऱ्याकडून कमी, म्हणजे कॅमेऱ्याचा सूं आवाज वर येत नाही. भजनाला शून्य.

९ डिसेंबर

माइकचा स्टँड ९०० रुपयांना आणला. रोडेच्या शूच्या बुडाशी ३/८ इंचाचे आटे आहेत, स्टँडवर थेट बसतो. पाच मीटरची जोडवायर १८० रुपयांची.

मंडपात स्टँड लावला, हेडफोन घातले, आणि ‘घूंऽऽ’ असा अखंड आवाज. माझी वायर भिंतीच्या कडेने, रोषणाईच्या माळेच्या वायरीला चिकटून पाच मीटर गेली होती. माळेपासून दूर घेतली, आवाज निम्मा झाला, गेला नाही. वायर कापून पाहिली तर आतल्या तारांभोवती जाळीच नव्हती. दुसऱ्या दिवशी जाळी असलेली ६५० रुपयांची आणली. ती विजेच्या वायरीला जिथे ओलांडते तिथे आडवी, काटकोनात ओलांडते असं बघितलं. घूं गेला. पायात येऊ नये म्हणून वर सतरंजी घातली.

१० डिसेंबर

ही नोंद लिहायला जड जातंय. पहाटे पाचचा काकडा. आमच्या शेजारच्या आजी दरवर्षी पहिली भूपाळी म्हणतात, एकट्या, साथीला काही नाही. या वर्षी त्यांना बरं नव्हतं, तरी आल्या. मी कॅमेरा लावला, चित्र सुंदर आलं, समईचा उजेड, त्यांचा चेहरा. ४० मिनिटं.

आवाज शून्य. आदल्या रात्री माइक बंद करायचा राहिला होता आणि रात्रभरात सेल संपला. माइकची पिन जॅकमध्ये असली की कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक बंद होतो. त्यामुळे खरखरीतसुद्धा काही उरलं नाही. पहाटेच्या शांततेत हेडफोन घालायला मला अवघड वाटलं होतं. घातले असते तर पहिल्या मिनिटाला कळलं असतं.

आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “जाऊ दे रे बाळा, विठोबानं ऐकलं.” मला मात्र ते दिवसभर टोचत राहिलं.

तेव्हापासून: रेकॉर्डिंग संपलं की आधी माइक बंद, मग कॅमेरा. अल्कलाइनचे तीन सेल कायम पिशवीत, ९०० रुपये. आणि हेडफोन न घालता लाल बटण दाबायचं नाही.

११ डिसेंबर

दुपारी चार ते सहा मंदिर रिकामं असतं. शेजारच्या काकांनी मंडळातल्या सातजणांना बोलावलं, लाउडस्पीकर बंद ठेवायलाही ते तयार झाले. ते सहज झालं नाही. “आवाज बाहेर गेला नाही तर भजन कशाला?” हे त्यांचं म्हणणं. रात्रीचं भजन स्पीकरवरच होईल, ही दुपार फक्त अप्पांसाठी, असं म्हटल्यावर ते ऐकले. स्पीकर बंद असणं गरजेचं होतं, कारण सगळ्यांचा आवाज एका कर्ण्यातून यायला लागला की माइक कितीही स्टिरिओ असो, ऐकू येतो तो कर्णाच.

घुमारा कमी करायला समोरच्या आणि मागच्या भिंतीवर सोलापुरी चादरी टांगल्या, सहा. गल्लीत यंत्रमाग असल्यावर चादरींना तोटा नाही. टाळांचा चुरचुराट लगेच खाली आला. खालचा घुमारा चादरीने जात नाही, तो राहिला.

आता माइकची जागा. आठ फूट: मंडळ छान, पखवाज एक ठिपका. सहा फूट: तेच. पखवाजाची लांबी अडीच फुटांच्या आत. सहा फुटांवरून त्याची दोन तोंडं माइकला जवळजवळ एकाच दिशेला दिसतात. तीन फुटांवर आणला, अप्पांच्या गुडघ्यापेक्षा थोडा वर, पखवाजाच्या बरोबर मध्यावर रोखून. टाळकऱ्यांना अप्पांच्या मागे अर्धगोलात बसवलं, पेटी डाव्या हाताला चार फुटांवर.

अप्पांनी कणीक मळायला घेतली. मी इतकी वर्षं ते लांबून पाहिलेलं. मुठीएवढी कणीक, पाण्याचा हात लावत लावत सैल करतात, डाव्या पुडीच्या मध्यावर थापतात, अंगठ्याने कडा पातळ करतात. मग तळव्याने एक थाप आणि कान खाली. पुन्हा चिमूटभर पाणी. चार-पाच वेळा. हातोडीने उजवीकडचे लाकडी गठ्ठे ठोकून सूर पेटीला मिळवतात. हे सगळं मी हेडफोन लावून ऐकत होतो, आणि चौथ्या थापेला तो आवाज आला: ओला, खोल, सुटल्यावर थोडा वर वळणारा. उजव्या कानात. शाईची टिचकी डाव्या कानात. समोर बसलेल्याला वादकाचा डावा हात उजवीकडे येतो, तसंच.

७५ हर्ट्झचं बटण चालू होतं ते बंद केलं, थाप आणखी भरली. आवाजाच्या पायऱ्यांचं बटण शून्यावर, कॅमेऱ्याची पातळी अशी की सगळ्यात जोराच्या तिहाईलाही मीटर लाल होत नाही. दीड तास घेतलं. त्यात फक्त एकदा रिक्षेचा हॉर्न आहे.

१४ डिसेंबर

सप्ताह संपला. रात्रीची भजनं स्पीकरसकट, माइक स्टँडवर पाच फुटांवर, ठीकठाक. मोबाइलच्या एका स्पीकरवर वाजवून पाहिलं: काही गायब होत नाही, मात्र डावा हात मोबाइलवर ऐकू येणं शक्यच नाही, तेवढा स्पीकरच नाही. मंडळात सगळ्यांना सांगितलं, हेडफोन लावून ऐका.

२२ डिसेंबर

आता गड्ड्याची तयारी. उघड्यावर वारा. माइकबरोबर आलेला फोम लावून संभाजी तलावाच्या काठावर उभा राहिलो. झुळूक आली की ‘भुर्रर्र’. ७५ हर्ट्झचं बटण लावून निम्मा गेला. बाकीचा राहिला.

सोलापुरात राहतो म्हणून पहिला विचार टेरी टॉवेलचा आला. जुन्या टॉवेलची टोपी शिवून फोमवर घातली. वारा गेला आणि त्याच्याबरोबर टाळही गेले. गच्चीवर टाळ वाजवून दोन्ही ऐकले: टॉवेलमधून टाळ म्हणजे पितळी वाटीवर रुमाल टाकून वाजवल्यासारखा. टॉवेलचं विणकाम दाट, हवा अडते तसा वरचा आवाजही अडतो.

२९ डिसेंबर

खेळण्यातल्या अस्वलांना वापरतात ते लांब केसांचं कापड, अर्धा मीटर १८० रुपये, इलॅस्टिक २० रुपये. दुकानात कापड तोंडाशी धरून फुंकून पाहिलं. ज्याच्या पाठीमागून फुंकर सहज बाहेर येते तेच घेतलं. आईने मशीनवर शिवलं. केस बाहेरच्या बाजूला, खाली इलॅस्टिक, आणि आत फोम तसाच ठेवायचा, कारण केस आणि कॅप्सूल यांच्यामध्ये स्थिर हवेची जागा लागते. शिवणीत अडकलेले केस सुईने बाहेर ओढून काढावे लागतात, नाहीतर तिथे टक्कल पडतं आणि वारा तिथूनच शिरतो.

तलावावर पुन्हा गेलो. वाऱ्याचा आवाज जवळजवळ नाही, टाळ उरला. झूम पूर्ण बाहेर घेतला की चित्राच्या वरच्या कडेला मात्र केस दिसतात. माइक शूवर थोडा मागे सरकवला आणि झूम जरासा आत ठेवला.

१३ जानेवारी

६८ लिंगांच्या तैलाभिषेकाची मिरवणूक. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यापासून सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात. माइक कॅमेऱ्यावरच, गर्दीत स्टँड शक्य नाही.

मिरवणूक ५० फुटांवर होती तेव्हा पातळी लावली. हलग्या सहा फुटांवर आल्या तेव्हा सगळं फाटलं. फाटलेला आवाज नंतर कशानेही सांधत नाही. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’चा पुकारा दोनदा अगदी जवळून झाला, दोन्ही वेळा खरखर. हाताने धरलेल्या कॅमेऱ्यावर बोटांची घासणही आली. संध्याकाळ वाया गेली.

१४ जानेवारी

अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न. सकाळी आधी हलगीवाल्या दोघांजवळ गेलो, विनंती केली, त्यांनी दहा सेकंद पूर्ण जोराने वाजवून दाखवलं. त्यावर पातळी लावली: माइक उणे १०, ७५ हर्ट्झ चालू, कॅमेऱ्याची पातळी खाली. दिवसभर तिला हात लावला नाही. लांबचे आवाज हळू येतात, येऊ देत. ते घरी वाढवता येतात. कॅमेऱ्याखाली छोटा ट्रायपॉड मिटवून दांड्यासारखा धरला, बोटं कॅमेऱ्याला लागली नाहीत.

एका वळणावर उभा राहिलो. बाराबंदीतले (पांढऱ्या पारंपरिक पोशाखातले) मानकरी, नंदीध्वज तोलत येणारे, डावीकडून आले आणि समोरून उजवीकडे गेले. हेडफोनमध्ये हलगी डाव्या कानातून आली, मधे अंगावर आली, उजव्या कानातून बाळीवेशीच्या बाजूला विरत गेली. दोन महिने किल्ल्या वाजवल्या त्याचं फळ या दीड मिनिटात मिळालं.

सम्मती कट्ट्यावर वाचन सुरू झालं, ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’, आणि चहूबाजूंनी अक्षता पडल्या. रेकॉर्डिंगमध्ये गर्दीच्या गजराखाली एक बारीक टपटप आहे. आधी बिघाड वाटला. घरी माइकवरचं कापड झटकलं तेव्हा केसांतून अक्षतांचे दाणे पडले. ती टपटप मी तशीच ठेवलीय.

१६ जानेवारी

हिशेब. फसलेला माइक आणि अडॅप्टर १,५७०. रोडे कुरिअरसह ११,७५०. दोन वायरी ८३०. स्टँड ९००. सेल ९००. कापड-इलॅस्टिक २००. एकूण १६,१५०. मर्यादेच्या १,१५० वर. पहिला माइक, अडॅप्टर आणि बिनजाळीची वायर घेतली नसती तर १४,४०० मध्ये भागलं असतं.

पुन्हा घ्यायचा झाला तर स्टँड आणि जाळीची वायर आधी घेईन आणि उरलेल्या पैशात माइक. स्टँडवर तीन फुटांवर ठेवलेला साधा स्टिरिओ माइक, दारातल्या कॅमेऱ्यावर बसवलेल्या माझ्या रोडेपेक्षा चांगला वाजेल, हे मी ८ आणि ११ डिसेंबरची रेकॉर्डिंगं शेजारी ठेवून सांगतोय.

१९ जानेवारी

अप्पांच्या घरी गेलो. लॅपटॉप पाटावर ठेवला, मोठे हेडफोन त्यांच्या कानांवर बसवले. टोपी काढावी लागली. ११ डिसेंबरची दुपार लावली.

त्यांनी डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं मांडीवर फिरायला लागली, मग डावा तळवा. थापेच्या जागी थाप पडत होती. एक अभंग, दुसरा. तिसऱ्याच्या मध्यावर त्यांनी हात वर करून थांबवायला सांगितलं.

“इथं कणीक वाळलीय बघ. धुम वर चढलाय. पाणी लावायला पाहिजे होतं मी.”

मी परत लावून ऐकलं. मला आधी कळलं नव्हतं, सांगितल्यावर कळलं. दुसऱ्या अभंगापेक्षा डावी बाजू खरंच जरा कोरडी, जरा वर होती.

“पुढच्या रविवारी सकाळी ये,” ते म्हणाले. “ताजी कणीक लावतो. आणि त्या आजींनाही बोलव, भूपाळी राहिलीय ना त्यांची.”

२६ तारखेला सकाळी सात. चादरी काकांकडे ठेवल्यात. सेल नवीन.